माझ्या टाकीतली कात्री आणि धुळ्याचे साडू

माझं आणि माझ्या साडूंचं एका बाईवरून बिनसलं, असं मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक खुर्ची पुढे ओढतात. मग मी सांगतो की बाई म्हणजे आमच्या कारखान्यातल्या नसरीन मॅडम, आणि भांडण होतं जिवाणूच्या पोटातल्या एका कात्रीवरून. लोक खुर्ची मागे नेतात. त्यांचं चुकतं. या कात्रीपायी मी जितका जळलोय तितका आयुष्यात कशापायी जळलो नाही.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझी शेड आहे. दोन उभ्या स्टीलच्या टाक्या, एक बॉयलर आणि काचेची खोली केलेली छोटी प्रयोगशाळा. आम्ही एन्झाइम बनवतो. कुठलं, तर कापडावरची कांजी सोडवणारं. यंत्रमागावर धागा तुटू नये म्हणून त्याला कांजी पाजतात. कापड विणून झालं की रंगवायच्या आधी तीच कांजी काढावी लागते, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. आमचं एन्झाइम गरम पाण्यात टाकलं की कांजीचे तुकडे करून ती धुऊन टाकतं आणि कापडाला धक्का लावत नाही.

मी मूळ सावद्याचा. केळीच्या गाड्या भरण्यापासून सुरुवात केली, नंतर केमिकलचे कॅन घेऊन धुळ्यातल्या मागवाल्यांच्या दारोदार हिंडलो. शिक्षण बारावी, तेही विज्ञानात गटांगळ्या खात. या शेडची वीट न् वीट मी भाव करून आणलेली आहे. भाव केल्याशिवाय मी मंदिराबाहेरचा नारळसुद्धा घेत नाही, आणि डोकं तापलं की समोर कोण आहे हे बघत नाही. हे दोन्ही गुण बाजारात कामाला येतात. सासुरवाडीत येत नाहीत, हे पुढे दिसेलच.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याचे अन्सारीभाई. त्यांचं कापड धुण्या-रंगवण्याचं प्रोसेस हाऊस. हा माणूस आमच्या चाचणीच्या कागदाकडे ढुंकून बघत नसे. खिशात आयोडिनची छोटी बाटली ठेवायचा. आमचं एन्झाइम लावून धुतलेलं कापड पुढे आलं की त्यावर एक थेंब टाकायचा. कांजी राहिली असेल तर डाग निळा होतो, गेली असेल तर पिवळट राहतो. अन्सारीभाईंचं कोर्ट म्हणजे तो थेंब, आणि त्यावर अपील नव्हतं.

एकदा डाग निळा झाला. फिका, पण निळा.

"सेठ," अन्सारीभाई म्हणाले, "तुमची जबान गोड आहे, माल मात्र पतला होत चाललाय."

"पाणी गरम नसेल तुमचं," मी म्हणालो.

"हात घालून बघा. मग रुमाल मी देतो बांधायला."

मी हात घातला नाही. माल खरोखरच पातळ होत चालला होता, आणि का, ते मला कळत नव्हतं.

इथे धंद्याची थोडी ओळख करून देतो. एन्झाइम आम्ही बनवत नाही, जिवाणू बनवतो. आम्ही त्याला टाकीत सोयाबीनचं पीठ आणि मका घालतो, ऊब देतो, हवा देतो. तो खातो, वाढतो आणि एन्झाइम स्वतःच्या अंगाबाहेर टाकतो. बाहेर टाकतो हेच महत्त्वाचं. अंगात ठेवलं तर आम्हाला काय उपयोग? बाहेर जाणारा प्रत्येक माल जिवाणूच्या भिंतीतून जातो, आणि त्याला वाट सापडावी म्हणून पुढे एक छोटं शेपूट लावलेलं असतं. भिंत ओलांडली की ते शेपूट कापावं लागतं. ते कापणारं दुसरं एक एन्झाइम भिंतीतच बसलेलं असतं. आम्ही त्याला कात्री म्हणतो. ती कात्री कशी बनवायची याचा मजकूर जिवाणूच्या जनुकात लिहिलेला असतो. कात्री चालली नाही तर माल शेपटाने भिंतीला लटकून राहतो. ज्याने केळीची बाग बघितली आहे त्याला हे सांगायला नको. घड कितीही भरलेला असो, विळा घेऊन माणूस येईपर्यंत तो झाडालाच लटकतो, आणि वेळेत आला नाही तर वजनाने झाड वाकतं.

आमचं तसंच झालं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून मी नवा जिवाणू घेतला होता. त्यात आमच्या एन्झाइमचं जनुक एकाऐवजी अनेक वेळा बसवलेलं होतं, म्हणजे माल जास्त. पहिल्या काही टाक्या चांगल्या गेल्या. नंतर जिवाणू आजारी पडायला लागला आणि टाकीतलं पाणी नुसतं गढूळ व्हायला लागलं.

नसरीन मॅडमनी हे शोधून काढलं. भुसावळला त्यांचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. एम.एस्सी. झाल्या झाल्या त्या माझ्याकडे लागल्या. तेव्हा माझ्या प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रिज होता, आणि फ्रिजमध्ये कामगारांचे डबे. डबे त्यांनी पहिल्या दिवशी बाहेर काढले. मी ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि डबे बाहेरच ठेवले.

"भाऊ, माल बनतोय," त्या म्हणाल्या. "हे जेल बघा, यात माल वजनाप्रमाणे वेगळा होतो. दोन पट्टे आहेत. खालचा म्हणजे तयार माल. वरचा जरा जड, त्याला शेपूट तसंच आहे. सगळा माल भिंतीत अडकलाय."

"मग कात्र्या वाढवा."

"ते करून बघता येईल. पण इथे नाही. जनुकात हात घालायला आपल्याकडे यंत्र नाही, परवानगी नाही."

यंत्र कुठे होतं ते मला ठाऊक होतं. धुळ्याला, माझ्या साडूंच्या कॉलेजात.

मुरलीधरराव म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक. आवाज कधी चढत नाही, शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही. चोपड्याला सासऱ्यांच्या घरी आम्ही दोघे जावई एकाच दिवशी गेलो की माझ्यापुढे खाट येते आणि त्यांच्यापुढे खुर्ची. वयाने आणि नात्याने मोठा मी. कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

तरी मी गेलो. यंत्र वापरायला पैसे पडू नयेत म्हणून असा सौदा केला की नसरीन मॅडमनी त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव घालायचं, प्रयोग त्यांच्याकडे करायचे, टाकीचं काम माझ्याकडे, आणि बनलेला जिवाणू फक्त माझ्या फ्रिजमध्ये राहायचा. साडूंना विद्यार्थी मिळाला, मॅडमना पदवी मिळणार, मला यंत्र फुकट. परतताना एस.टी.त मी स्वतःवर खूश होतो. मॅडम मला भाऊ म्हणायच्या. त्या दिवसापासून त्या त्यांना सर म्हणायला लागल्या. या दोन शब्दांत किती अंतर आहे हे मला हळूहळू कळत गेलं.

आठवड्यातले दोन दिवस मॅडम धुळ्याला जायला लागल्या. आल्या की तोंडात सर. सर म्हणाले हे तापमान नको. सर म्हणाले नमुना असा ठेवायचा नसतो. ज्या फ्रिजचा भाव मी तीन दुकानं हिंडून पाडला होता, त्याची मांडणी आता धुळ्याहून ठरत होती.

पहिला प्रयोग फसला. आमच्या जातीच्या जिवाणूत अशी एक कात्री नसते, चार-पाच असतात, पैकी दोन मुख्य. मॅडमनी पहिल्या मुख्य कात्रीचं जनुक जास्तीचं बसवलं. काही फरक पडला नाही. उलट माल थोडा घटलाच. मी म्हणालो, "माणसं वाढवली आणि काम कमी झालं?"

"हो," मॅडम म्हणाल्या, "आणि ते का, तेच बघायचंय. आता एकेक कात्री काढून बघते."

"काढून? आहे तेही घालवायचं?"

"सर म्हणाले, काढल्याशिवाय कळणार नाही कोण काय करतं."

मी तिथे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यात सर हा शब्द बऱ्याचदा आला, एवढं सांगतो.

त्यानंतर एका सकाळी मी शेडमध्ये चहा पीत होतो. मुरलीधररावांचा फोन आला.

"अभिनंदन, भाऊसाहेब."

"कशाबद्दल?"

"तुमच्या टाकीबद्दल. नसरीनने सांगितलं नाही? पहिली कात्री काढून टाकली तर माल धो धो बाहेर पडतोय."

मी काचेतून बघितलं. मॅडम समोर, हाकेच्या अंतरावर, नळ्या धूत होत्या. टाकी माझी, वीज माझी, सोयाबीनचं पीठ माझं, आणि माझ्या शेडमध्ये काय घडलं हे मला धुळ्याहून कळत होतं. मी काचेची खोली उघडून आत गेलो.

"तुमचं बोट फोनवर आधी कुठे जातं हो, धुळ्याला की इकडे?"

मॅडमनी हात पुसले. "भाऊ, तुम्ही आला नव्हता अजून. आणि मला खात्री नव्हती. आधी सरांना विचारलं, माझं काही चुकलं का."

"चुकलं असेल तर मला सांगायचं नव्हतं?"

"तुम्ही ओरडला असता."

"मग आता काय करतोय मी?"

"आता बरोबर आल्यावर ओरडताय," त्या म्हणाल्या. "ते चालतं."

मी विश्वास ठेवला नाही. नमुने अदलाबदल झाले असतील म्हणून पुन्हा टाकी लावायला लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावली. तेच. मॅडमचा अंदाज असा होता की दोन्ही कात्र्या एकच माल धरायला धावतात. पहिली धरते लवकर, कापते सावकाश. माल तिच्या तावडीत अडकून पडतो, आणि जी खरी चटचट कापणारी आहे ती रिकामी बसते. पहिलीला काढलं की दुसरीला वाट मोकळी. दोन्ही काढल्या तर मात्र जिवाणू मरतो. मॅडमनी तेही करून बघितलं होतं. बशीत काही उगवलंच नाही.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे भिंत नव्हती, चोपड्याची ओसरी होती. एक खाट, एक खुर्ची. कोणाला काढलं तर कोणाची वाट मोकळी होईल याचा हिशोब मी बसल्या जागी करून टाकला.

नवा माल घेऊन धुळ्याला गेलो; नेहमीप्रमाणे मॅडम हिशोब टिपायला शेजारी होत्या. अन्सारीभाईंनी थेंब टाकला. पिवळट. दुसरीकडे टाकला. पिवळट. मग त्यांनी कापड उलटं करून मागून टाकला.

"सेठ, काय केलंत?"

"एक माणूस कामावरून काढला," मी म्हणालो.

"अच्छा? मग माझ्याकडचे दोन घेऊन जा."

त्या वर्षी धुळ्याचा निम्मा कारभार आमच्याकडे आला. दुसऱ्या कोणाकडे तो जिवाणू नव्हता. माझ्या शेडचं दार जिवाणूच्या त्या एका बाटलीवर आणि ती बाटली समजणाऱ्या एका बाईवर उभं होतं. फ्रिजला मी कुलूप बसवलं. मॅडम हसल्या, पण हरकत घेतली नाही.

मग या कात्रीवरचा त्यांचा शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकाकडे जायला तयार झाला. मॅडमनी मसुदा दाखवला. वर मॅडमचं नाव, शेवटी मुरलीधररावांचं. मी पानं उलटत राहिलो. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, टाकी वापरू दिल्याबद्दल आणि सोयाबीनच्या पिठाबद्दल माझे आभार मानले होते.

"पिठाबद्दल," मी म्हणालो.

"भाऊ, तिथे तसंच लिहितात."

"किराणा दुकानदार आहे का मी?"

आणि त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. असा निबंध छापायचा तर ज्याच्यावर लिहिलं तो जिवाणू मागेल त्या संशोधकाला द्यावा लागतो, असा त्यांचा रिवाज. म्हणजे माझी कुलपातली बाटली धुळ्याच्या कॉलेजात ठेवायची. मी साफ नाही म्हणालो. बाटली नाही तर निबंध नाही, निबंध नाही तर पदवी नाही. त्या दिवसापासून मॅडम डबा काचेच्या खोलीत एकट्या खायला लागल्या.

आखाजीला आम्ही चोपड्याला गेलो. खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्यांना न्यायला जावई येतात. घर भरलेलं होतं. आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं. माझे सासरे आबा, केळीच्या बागा करून पाठीत वाकलेले, ओसरीवर पान लावत बसले होते. मी खाटेवर, मुरलीधरराव खुर्चीवर. आणि या माणसाने, सगळ्यांसमोर, शांतपणे विषय काढला.

"भाऊसाहेब, ते तुमचं विरजण थोडं द्यायचं होतं कॉलेजला."

विरजण म्हणाला. बाटली नाही, जिवाणू नाही. आमच्याकडे शेजारीण रात्री वाटी घेऊन आली तर भांडण असलं तरी तिला विरजण देतात. नाही म्हणणं अशुभ समजतात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आबांनी पान बाजूला ठेवलं. "जवाईबापू, इरजनले कोनी नही म्हनस का? तुमनं काय जास त्यामा?"

"आबा, ते दह्याचं नाही," मी म्हणालो. "त्यावर माझं पोट आहे."

"वाटीभर दिसन कमी व्हस का ते?"

होत नाही, हीच तर अडचण. जिवाणू वाटीभर दिला तरी आपल्याकडे तितकाच राहतो आणि दुसऱ्याकडेही तितकाच होतो. पण हे ओसरीवर सांगून काय उपयोग? माझी बायको सुनंदा दारात उभी होती. तिच्या नजरेत होतं, सणाच्या दिवशी तमाशा नको. माझं डोकं तापलं, आणि तापलं की मी भाव करायला लागतो.

"देतो," मी म्हणालो. "पण त्या निबंधावर माझं नाव पाहिजे. तळाला पिठात नाही. वर."

मला वाटलं ते म्हणतील, नियमात बसत नाही. मग मी म्हणणार होतो, मग विरजणही बसत नाही. मुरलीधररावांनी चष्मा काढून पुसला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "माझं नाव काढतो. त्या जागी तुमचं घालू."

आबांनी मान हलवली. बघा, केवढ्या मनाचा माणूस, असं त्या हलण्यात होतं.

मी तेव्हा हिशोब केला. मार्गदर्शकाचं नाव गेलं तर तो निबंध मॅडमच्या पदवीला कोण धरणार? आणि बारावी पास माणसाचं नाव शास्त्रज्ञांच्या ओळीत बसवलं तर उद्या परदेशातून कोणी शंका विचारली की उत्तर मी देणार? ते त्याला ठाऊक होतं. मला ते ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. जो सौदा समोरच्याला घेताच येत नाही तो मोठ्या मनाने पुढे करायचा, ही माझी विद्या. एका प्राध्यापकाने ती माझ्यावर सासऱ्याच्या ओसरीवर वापरली होती.

"राहू द्या," मी म्हणालो. "घेऊन जा विरजण."

"जवाईबापू बठ्ठासमा शहाणा शे," आबा म्हणाले. मला वाटलं, सगळ्यांत शहाणा मला म्हणाले. ते बघत होते खुर्चीकडे.

बाटली मी स्वतः नेऊन दिली नाही. मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा कामगारांबरोबर डबा खायला बसल्या. निबंध छापला. पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी सुरतेच्या एका कंपनीने तसाच माल बाजारात आणला, आणि धुळ्यातली छोटी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. अन्सारीभाई राहिले, कारण सुरतेचा माल त्यांच्या थेंबाखाली टिकला नाही. जिवाणू कोणालाही मिळतो. त्याला कोणत्या वेळी किती हवा द्यायची, तो रुसला की काय घालायचं, हे निबंधात नव्हतं. ते मॅडमच्या हातात होतं. म्हणजे बाटलीचं कुलूप मी उगाच जपलं. जपायची होती ती मॅडमची जागा, आणि तिला कुलूप नसतं.

मग मुरलीधरराव निवृत्त झाले. कॉलेजात त्यांची जागा रिकामी झाली. एका दुपारी डॉक्टर नसरीन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊ, धुळ्याहून विचारणा आलीये. सरांच्या जागेसाठी."

सरांच्या खुर्चीवर. त्यांच्याच टेबलावर. जन्मभर माझ्या नशिबी ती एकच खुर्ची आडवी येणार होती. मी लगेच पगार वाढवायचं बोललो. त्या गप्प. आणखी वाढवला. त्या काचेपलीकडे टाकीकडे बघत राहिल्या. चहा आला, त्यावर साय धरली. बॉयलर सुसकारे टाकत होता. मी ठरवलं की आता आपणही गप्प बसायचं. बसलो. आणि मग लक्षात आलं की माझी बोटं टेबलावर वाजताहेत, त्यांची स्थिर आहेत.

"काय पाहिजे ते सांगा एकदाचं," मी म्हणालो.

"पगार नको," त्या म्हणाल्या. "भागीदारी. रुपयात चार आणे."

"दोन."

"चार, भाऊ."

"अडीच. आणि वर फ्रिज नवीन."

"फ्रिज कारखान्याला लागतो, मला नाही. तीन. आणि आजपासून कुठलीही बाटली माझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. तुमच्या सासुरवाडीलाही नाही."

मी हात पुढे केला. मला राग यायला हवा होता, पण बरं वाटत होतं. अन्सारीभाईंच्या गादीवर ही बाई इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून हिशोब टिपत होती. सरांकडून जनुक शिकली असेल, पण भाव करायला ती माझ्याकडे शिकली. एवढी एक गोष्ट धुळ्याची नव्हती. कपातला चहा गार होता तरी तो मी चवीने प्यायलो आणि मुद्दाम मुरलीधररावांना फोन लावला. कधी नव्हे ते माझ्याकडे सांगण्यासारखं होतं.

"नसरीन मॅडम कॉलेजात येत नाहीत," मी म्हणालो. "इथेच राहताहेत. भागीदार म्हणून."

"उत्तम झालं, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तीनवर थांबलात ना? ती दोनवरच तयार होती. मी तिला म्हटलं, चार माग आणि आधी बराच वेळ काही बोलू नकोस. भाऊसाहेबांना शांतता सोसत नाही."

मी बरं म्हणालो. तब्येतीची चौकशी केली. फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन बॉयलरवाल्याला, त्याची काही चूक नसताना, चांगला अर्धा तास झापला.